खाली नाव माझं

जळले मी. सरळच सांगते, कायले लपवायचं? बाई सवतीवर जळते, जावेच्या साडीवर जळते, मी जळले कंपूटरवर. अन् तोही कसा, तर माझंच नाव लावून बसलेला!

दारव्ह्याच्या बस स्टँडसमोर अनंतभाऊचं वजनकाट्याचं दुकान आहे. किराणावाले, सोनार, भाजीवाले, कापूस घेणारे, सारे आमच्याकडूनच काटा नेतात. काटा विकला म्हणजे काम संपलं असं नाही बाप्पा. आधी भावाचा कागद द्या, मग चलन द्या, मग बिल द्या. अन् दरसाल काट्याची पासिंग येते, म्हणजे सरकारी शिक्का नव्यानं मारून घ्याचा असते, त्याची आठवण करून देणारी चिठ्ठी पाठवा. हे सारं लिहाचं काम माझं. लग्न होऊन दारव्ह्यात आले तेव्हापासून माझं.

अन् मी नुसतं खरडत नव्हते. माझी एक रीत होती. चिठ्ठी सुरू करताना ज्याचा त्याले नमस्कार. कोणाले राम राम, कोणाले जय भीम, मोमीनभाईले सलाम, केळापूरकडच्या गोंड दुकानदाराले जय सेवा, तांड्यावरच्या बंजाऱ्याले जय सेवालाल. आम्ही बौद्धाचे. मले माहीत आहे, आपला नमस्कार समोरच्यानं आपणहून घातला की कसं वाटते ते. चिठ्ठीच्या शेवटी एखादी ओळ घरचीही असे. कोणी लग्नाले बोलावलं तर मी लिहत होते, ‘नक्की येते, माझं पान वाढून ठेवा.’ अन् जात होते. नुसतं लिहून घरी बसणारी मी नव्हते. अनंतभाऊ म्हणत, “दीपा, दुकान मी टाकलं, पण गिऱ्हाईक तुझ्या चिठ्ठीनं बांधलं.” एवढं ऐकलं की मले दुपारचा चहा नसला तरी चालत होतं.

मग आली शाल्मली. भाऊची सून, नागपूरची. वाईट असती तर बरं झालं असतं, मनमोकळी भांडले असते. पण पोरगी गोड. येता-जाता “ताई, जेवलात का?” विचारणार. एक दिवस म्हणाली, “ताई, तेच चलन, तेच बिल, तीच आठवणीची चिठ्ठी, किती दिवस लिहीत बसणार? मोबाईलवर आपोआप जाईल सगळं. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर उत्तरही आपोआप जाईल.”

मी म्हटलं, “जाऊ दे ना. पण माझ्यासारखं त्याले जमणार नाही.”

“म्हणून तर तुमचंच त्याला शिकवणार आहे,” ती म्हणाली.

अन् खरंच शिकवलं. माझ्या चिठ्ठ्यांच्या साऱ्या स्थळप्रती तिनं कपाटातून काढल्या, एकेकीचा फोटो घेतला, अन् त्या डब्याच्या पोटात घातल्या. कोणाले जय भीम, कोणाले जय सेवा, सारं त्यानं उचललं. खाली सही काय टाकाची म्हणून विचारलं, तर भाऊ म्हणाले, “दीपाताईचंच नाव राहू दे. गिऱ्हाइकाले बदल झाला असं वाटलं नाही पाहिजे.” म्हणजे लिहणार तो, अन् खाली नाव माझं. मले कोणी विचारलंही नाही.

मी मनात म्हटलं, थांबा. आज ना उद्या हा उलटासुलटा नमस्कार घालते, मग पाहू. रोज वाट पाह्यली. फोन वाजला की मी आधी उचलायची. उमरखेडच्या सोनाराचा फोन आला, मले वाटलं आला रे आला. तो म्हणते, “ताई, आजकाल जवाब लय लवकर देता वो तुम्ही! अन् काय मिठास!” मी काय बोलू? म्हटलं, “हो ना.” फोन ठेवला अन् पेन टेबलावर आपटला. शाल्मलीनं वर पाह्यलं. म्हटलं, माशी होती.

एक दिवस तर मी हद्दच केली. नवऱ्याचा मोबाईल घेतला, अन् त्याच्यावरून दुकानाच्या नंबरवर सणसणीत शिव्या लिहल्या. ‘काटा खोटा देल्ला, तुम्ही सारे चोर, माझं दुकान बुडवलं.’ म्हटलं, आता हा गडबडते. लगेच उत्तर आलं. ‘अश्वजितभाऊ, जय भीम. तुमचा राग समजतो. तुम्हाले त्रास झाला याचं मलेही वाईट वाटून राह्यलं. काटा घेऊन या, तुमच्यासमोर तपासू, मग शांतपणे बोलू. – दीपाताई.’

अश्वजितनं ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहून म्हणते, “पाह्य, अशी बोलत जा ना माझ्यासंग!”

त्या दिवशी त्याले वांग्याची भाजी खारट मिळाली. मुद्दाम.

बाकी सारे गिऱ्हाईक त्यानं घेतले असते तरी मी गिळलं असतं. पण रुपीबाई नको. रुपीबाई म्हणजे बोरी अरबच्या पुढच्या तांड्यावरची किराणावाली. काट्याची पासिंग आली की बसनं येणार, मांडीवर काटा अन् पिशवीत सीताफळं. एवढ्या मोठ्या दुकानात ती माझ्याच टेबलाशी बसे, शाल्मलीकडे पाहतही नसे. “दीपाबाई” म्हणून हाक मारे, अन् तिच्या बोलीत बाई म्हणजे बहीण. मले सख्खी बहीण नाही. साऱ्या गिऱ्हाइकात ही एक माझी होती. शाल्मलीले सांगावं वाटलं, की रुपीबाईची चिठ्ठी मी लिहीन, तिले तेवढं सोड. पण सांगायला गेले असते तर माझी जळण दिसली असती. म्हणून तोंड दाबून बसले.

अन् परवा रुपीबाई आली. ना काटा, ना सीताफळं. खुर्ची पुढे केली, बसली नाही. पाणी देल्लं, घेतलं नाही.

“तू माझ्या घरचं जेवली नाही, मी तुझं पाणी कायले पिऊ?” ती म्हणाली.

माझ्या ध्यानात काहीच येईना. तिनं कमरेचा मोबाईल काढला अन् टेबलावर माझ्यापुढे ठेवला. “वाच. तूच लिवलं, तूच वाच.”

वाचलं. ‘रुपीबाई, जय सेवालाल. तुमच्या काट्याची पासिंग पुढच्या महिन्यात आहे. गुडघा दुखत असंल तर बसनं धावपळ करू नका, आम्ही माणूस पाठवून काटा नेऊ. – दीपाताई.’ गुडघ्याचं ती कधीतरी बोलून पाठवलेल्या निरोपात म्हणाली असंल, यानं ध्यानात ठेवलं. त्याच्याखाली रुपीबाईचा निरोप, तिच्या आवाजातला. नातीचं लगन हाये, दीपाबाई, तू आली पाह्यजे. अन् त्याच्याखाली उत्तर, ‘अरे वा! नात म्हणजे आपल्याच घरची. नक्की येते, माझं पान वाढून ठेवा. – दीपाताई.’

माझेच शब्द. माझ्याच चिठ्ठ्यांतून उचललेले. फक्त मी लिहलं म्हणजे मी जात होते, अन् याले ना पाय ना पोट!

“वाढून ठेवलं,” रुपीबाई म्हणाली. “तुझं पान वाढून ठेवलं. पंगत उठली, बाया म्हणे आता उचल, कोणी येत नाही. मी म्हणलं नाही, तिनं लिवून देल्लं हाये, थे येईन. नवरी सासरच्या वाटी लागली तरी उचलू देल्लं नाही. मंग कुत्र्यानं तोंड घातलं. साऱ्या तांड्यात माझं हसं झालं.” बोलता बोलता तिचा आवाज बसला. “गुडघ्याचं माझ्या पोरानं कधी इचारलं नाही वं. तू इचारलं. थे वाचून मी रडली होती, माहीत हाये तुले?”

अनंतभाऊ गल्ल्यावरून उठून उभे राह्यले. शाल्मलीचं तोंड पांढरंफटक पडलं. “आजी,” ती म्हणाली, “त्यात ताईंची काही चूक नाही, ते आपोआप–”

झालं! ज्या घडीची मी वाट पाहून राह्यले होते, ती आलती. एक शब्द बोलले असते, की हे मी नाही, या कंपूटरनं लिहलं, तर भाऊनं त्याच दिवशी तो डबा बंद केला असता. पण मग गुडघाही त्याचाच झाला असता. रुपीबाई रडली ती त्याच्यासाठी रडली असं झालं असतं. ते माझ्याच्यानं पाह्यलं गेलं नसतं. इतकं सारं त्यानं माझं नेलं, आता रुपीबाईचं रडणंही तो नेईन? अन् गुडघा पाह्यजे तर चूकही पदरात घ्यावी लागते.

“मी विसरले,” मी म्हटलं. “रुपीबाई, मीच लिहलं, अन् मीच विसरले.”

शाल्मली माझ्याकडे पाहतच राह्यली. रुपीबाईनं मोबाईल उचलून कमरेले खोचला.

“लिवतानी तू सख्खी वाटते वं,” ती म्हणाली. “समोर अशी काहून?”

अन् गेली. मी तिच्यामागं स्टँडच्या फाटकापर्यंत धावले, पण तिनं मागं पाह्यलं नाही. बोरी अरबकडची गाडी लागलीच होती, तिच्यात चढली.

परत आले तर शाल्मली डोळे पुसून राह्यली होती. “ताई, तुम्ही कशाला अंगावर घेतलं? मी त्यांना फोन करून खरं सांगते.”

“खबरदार!” मी ओरडले. “एक शब्द सांगशील तर पाह्य!”

ती घाबरली. मग हळूच कंपूटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. मी बाहेर होते तेवढ्यात तिनं झालेलं सारं त्याले लिहून देल्लं होतं, अन् त्या बेट्यानं माफीची चिठ्ठी तयारच ठेवली होती, फक्त पाठवाची होती. ‘रुपीबाई, वाढलेलं पान तसंच राह्यलं, हे माझ्या काळजाले लागलं. नातीले आशीर्वाद द्यायला मी नव्हते, ही माझी जन्माची चुकी. तुमच्या पायरीवर येऊन बसते, जेवू घाला नाहीतर हाकलून द्या.’ दोनदा वाचलं, दोन्ही वेळा खरंच वाटलं, अन् त्याचाच मले राग आला. हे मले काहून सुचलं नाही?

“बाजूले सर,” मी म्हटलं. “हे मी लिहीन.”

बसले. एका बोटानं लिहलं, खोडलं, लिहलं. मनात ढीगभर होतं, पण बोटात काही येईना. शेवटी एवढंच पाठवलं, ‘रुपीबाई, जय सेवालाल. मी दीपा. चुकलं माझं. रविवारी येते.’

ती गाडीतच असंल. थोड्या वेळानं तिचा निरोप आला. शाल्मलीनं लावला. मागं गाडीची घरघर, अन् रुपीबाईचा आवाज, अजून भरलेला.

“कोण लिवून राह्यलं हे? असं कोरडं? दुकानातल्या पोरीयनं मधात पडू नये. दीपाबाईले सांगा, रुपीबाई लय रागात हाये, तिनं सोता लिवावं.”

शाल्मलीनं मान खाली घातली. अनंतभाऊ उगाच एक काटा पुसत बसले. कंपूटरची माफी अजून तशीच पडद्यावर होती, अन् खाली नाव माझं.

मी त्या नावावर बोट टेकवलं. मग म्हटलं, “पाठव.”

“नक्की, ताई?”

“पाठव म्हटलं ना! बोलू दे त्याले. पण रविवारची बस मी धरीन, सांगून ठेव. जेवायले तरी मीच लागते.”