पायलटला दिसणारी साडी

"अहो, आपलं घर असं भुतासारखं का उभंय? पांढरंफटक!" पलंगावरून सुमनताई म्हणाल्या.

"फोटो चिकटवलाय. दिसत नाहीये," संगणकापुढून दिनकरराव पुटपुटले. विमान चालवायच्या खेळात त्यांनी जयपूरच्या प्रताप नगरातलं आपलं घर बांधलं होतं, गच्चीच्या कठड्यासकट. पण त्याच्या भिंतींवर चिकटवलेला खऱ्या घराचा फोटो काही उमटेना.

विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला हा नाद कुठून? सुमनताईंच्या गप्पांपायी. सांगानेरच्या विमानतळावर उतरणारी विमानं म्हणे यांच्या गच्चीवरून इतकी खाली जायची, की वाळत घातलेले पापड आपोआप उलटायचे! यांनी हात केला की पायलटही हात करायचा. एकाने तर खिडकी उघडून "भाभीजी, दो पापड!" अशी हाकच मारली होती. शेजारणी हसून लोळायच्या. दिनकररावांचा चेहरा मात्र इस्त्री केलेला. एकदा तर चारचौघींत फटकन बोलले, "काहीतरीच! एवढ्या वरून तुझी साडी तरी दिसेल का?"

पुढे सुमनताईंना अर्धांगाचा झटका आला. गच्ची सुटली. "आता पायलटला हात कोण करणार?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात दिनकररावांनी संगणक घेतला. पायलटला घर कसं दिसतं, ते हिला दाखवायचंच.

इंटरनेटवरच्या जाणकारांनी कळवलं, फोटो चौरस हवा, नाहीतर खेळ तो घेत नाही. फोटो होता लांबट. चौरस कापायचा, तर कडेची, कठड्याशी हात उंचावून उभी पिवळ्या साडीतली सुमनच जाणार.

"कापा की! घर तर दिसेल."

"तुला कापू?"

"कापा हो. तसंही अर्धं अंग गेलंयच."

दिनकररावांनी कापलं नाही. चार महिने नाही नाही ते करून पाहिलं. घर पांढरंच राहिलं, आणि फेब्रुवारीत सुमनताई गेल्या.

तेराव्याला राजा पार्कहून भाची आली, सलोनी. ती आयटीत. तिनं फोटो पाहिला.

"मामा, कापायचा कशाला? दाबून चौरस करायचा. मतलब, फोटोत मामी बारीक दिसेल, पण भिंतीवर ताणला की परत होती तशी."

दोन मिनिटांत झालं.

"एवढंच होतं?"

"एवढंच, मामा."

सगळे गेल्यावर दिनकररावांनी विमान सांगानेरकडे वळवलं. लांबून घर दिसू लागलं, रंगासकट. कठड्याशी पिवळा ठिपका. नखाएवढा, पण दिसत होता. एवढ्या वरून दिसत होता.

त्यांनी पलंगाकडे वळून पाहिलं नाही. हात केल्यासारखा विमानाचा पंख एकदा डावीकडे कलवला, एकदा उजवीकडे. मग धावपट्टीवर न उतरताच विमान वर घेतलं, आणि पुन्हा घराकडे वळवलं.