चढ कुणाच्या पायांना

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईचे गुडघे चाळिशीतच कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी तिला व्यायामाची सायकल घ्यायला लावली. कितीही पायडल मारा, कुठंही न नेणारी. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा रंगारी. परांचीवरून पडले तेव्हापासून त्यांचं कमरेखालचं अंग लाकडासारखं झालं होतं. सायकल मावेल अशी जागा एकच, बाबांच्या खोलीच्या भिंतीलगत.

"रोज सकाळी आवाज होईल हं बाबा."

"होऊ दे की. या घरात कुणाचे तरी पाय हलू देत."

शिकवणारी ट्रेनर फोनवर दिसायची. पोरगी गोड बोलणारी, पण कामात कडक. "ताई, आधी सावकाश चालवून अंग गरम करायचं. मग थोडा वेळ जीव तोडून, थोडा वेळ निवांत, असं आलटूनपालटून. आणि किती जड जातंय ते मशीनला नाही, अंगाला विचारायचं. दहापैकी किती, ते मला सांगायचं."

पहिले काही दिवस बाईची पार दमछाक झाली. जोराच्या फेरीत 'आठ' म्हणायलाही तिला श्वास पुरायचा नाही. मग एका सकाळी, अंग गरम होता होताच, मांड्यांमधला ताण नाहीसा झाला. मागून कुणी हळूच ओझं उचलून घ्यावं तसा.

"किती?" ट्रेनरनं विचारलं.

"दोन."

"चेष्टा करताय का? भार वाढवा."

बाईनं वाढवला. "दोनच."

ट्रेनर पडद्याजवळ आली. "एवढ्या भारावर माणूस घामानं निथळतो, ताई. तुमचं कपाळ कोरडं कसं?"

बाईला मात्र आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी दुकानाची घाई होती. अंग गरम करत बसायला आता कशाला वेळ घालवायचा, म्हणून ट्रेनरला न सांगताच ती सायकलवर बसली आणि बसल्या बसल्या सगळा भार लावून सुटली. भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू आलं.

ती धावत आत गेली. बाबांची चादर ओलीचिंब होती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तिनं पायांना हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. रोज तेल लावताना गार पडलेले असणारे ते पाय कढत झाले होते.

"ताप आलाय बाबा. डॉक्टरांना बोलावते."

"ताप नाही." ते धापा टाकत म्हणाले. "तू एकदम चढावर घातलंस पोरी. काल आधी सपाटीवरून नेलंस ना, तसं न्यायचं."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. "म्हणजे... तुम्हाला जाणवतं?"

"कालपासून. तू बंद करशील म्हणून बोललो नाही."

तिनं बंद केलंच. सायकलवर जुनी चादर टाकली आणि तिकडं बघायचंही सोडलं. बाबा जेवणावर रुसले. समजूत काढायला ती उशाशी बसली, तर म्हणाले, "इतक्या दिवसांनी पाय दुखले गं माझे. दुखू देत. माझं आहे ते दुखणं, तू का अडवून ठेवतेस?"

दुसऱ्या सकाळी तिनं चादर काढली. मधलं दार उघडं ठेवलं, आणि तान्ह्या पोराला पाळण्यात झुलवावं इतक्या हळू सुरुवात केली. ट्रेनरनं आकडा विचारला की ती दाराकडे बघायची. "पाच," बाबा आतून म्हणायचे. "पाच," ती फोनवर सांगायची.

बाबांच्या पोटऱ्यांवर मांस चढू लागलं. बाईच्या सलवारी मात्र सैल होत चालल्या. तिनं नाड्या घट्ट आवळल्या आणि त्याकडे कानाडोळा केला.

मग एका सुट्टीच्या दुपारी ती टेबलाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. अचानक तिच्या मांड्यांत आग पेटली. श्वास कोंडला, हातातला टॉवेल गळून पडला. सायकल कोपऱ्यात स्तब्ध उभी होती. बाबांच्या खोलीतून काहीतरी घासत सरकल्याचा आवाज येत होता.

भिंतीला धरून ती कशीबशी दारापर्यंत पोचली.

बाबा खिडकीची चौकट धरून उभे होते. तिच्याकडे पाठ होती. श्वास असा संथ, की जणू झोपेत असावेत.

"बघ पोरी," ते म्हणाले, "काहीच जड जात नाही."

ते वळायच्या आत तिनं बाहीनं तोंड पुसलं. बाबांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू होतं.

"तुला घाम कशानं आला?"

"आनंदानं, बाबा."

त्यांची नजर तिच्या ओल्या बाहीवर गेली. पुन्हा त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही, आणि चालायचंही थांबवलं नाही.

डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं. शेजारच्यांनी पोरीच्या सेवेचं कौतुक केलं. बाईनं दुकानात काउंटरमागे पाठ असलेली खुर्ची आणून ठेवली. उभं राहून काम करणं तिनं सोडून दिलं.

परवा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी ती सरळ करत होती. मध्येच तिचा हात थांबला. तिनं काउंटर घट्ट धरला, मानेच्या शिरा ताठरल्या, कपाळ क्षणात ओलं झालं.

"बरं वाटत नाही का? पाणी देऊ?" गिऱ्हाइक घाबरून म्हणालं.

तिनं मान हलवली.

"काही नाही, काका. बसा तुम्ही," ती म्हणाली. "बाबा जिना चढतायत."