दोरीवरची कादंबरी

"तू घरीच असतेस ना" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला शोधून काढावं आणि सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत कोऱ्या कागदासमोर बसवून ठेवावं, असं तिला गेली वीस वर्षं वाटत होतं. मध्ये उठायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. मग विचारावं, काय बाबा, कसं वाटतंय घरी बसून?

सात कादंबऱ्या छापून आल्या होत्या तिच्या. त्यांतली एक कॉलेजात लावलीही होती. पण नात्यागोत्यात कुणाला विचारा ती काय करते म्हणून, उत्तर एकच: घरीच असते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या किल्ल्या तिच्याकडे, शेजाऱ्यांची पार्सलं तिच्याकडे, कुणाच्या नळवाल्याला दार उघडायचं असेल तर तेही तिनेच. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळली होती, तेव्हाही कुणी बैठक बसवली नाही की विचारविनिमय केला नाही. ती घरीच असायची, म्हणून आई तिच्याकडे. त्या सहा वर्षांत तिची एकही कादंबरी आली नाही, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट एका समारंभात एक बाई म्हणाली होती, मध्ये बरीच विश्रांती घेतलीत तुम्ही. त्या बाईचं तोंड तिला अजून आठवतं.

तर या खेपेला वहिनीचा फोन आला.

"अगं, आमचं न्हाणीघर फोडायला घेतलंय, आणि मी निघालेय लेकीच्या बाळंतपणाला. ह्यांना दहा दिवस तुझ्याकडे पाठवते. तू घरीच असतेस ना."

प्रश्न नव्हताच तो. नुसती माहिती होती. आणि दुसऱ्या दिवशी तिचा थोरला भाऊ एक बॅग, दोन उशा आणि दुखरे गुडघे घेऊन दारात हजर.

दादा वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्याने चौतीस वर्षं काढली होती. तळघरातली ती खोली, छतापर्यंत गेलेली कपाटं, आणि दादा. कुठलाही कागद मागा, चार मिनिटांत काढून द्यायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण हात स्वस्थ बसत नव्हते. आल्या दिवशीच त्याने तिच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, आणि तिला साखर सापडेना. वर छप्पन्न वर्षांच्या बाईला तो अजून छकुली म्हणायचा.

"छकुले, तुझं ते लिहिणं चालू दे हं, माझी अडचण नको," असं तो दर अर्ध्या तासाने दार उघडून सांगायचा.

ती दात आवळून बसायची. कारण दिवस मोजके उरले होते. महिनाअखेर कादंबरी प्रकाशकाच्या हातात द्यायची होती. आधीच दोन मुदती टळून गेल्या होत्या, आणि प्रकाशकाने गोड आवाजात सांगितलं होतं की ताई, या खेपेला नाही झालं तर मग पुढच्या वर्षीच्या पुढेच बघू. छप्पन्नाव्या वर्षी पुढच्या वर्षीच्या पुढे म्हणजे काय, ते तिला कळत होतं.

आणि कादंबरी होती दोरीवर. मागच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांवर लाकडी चिमट्यांनी अडकवलेल्या दोनशे चौदा चिठ्ठ्या. एका बेकरीवाल्याची आणि त्याच्या चार मुलांची चाळीस वर्षांची गोष्ट होती ती. एका चिठ्ठीवर एक प्रसंग, मोजून तीन ओळींत, आणि कोपऱ्यात साल. प्रसंग सगळे वह्यांमध्ये लिहून तयार होते. पण कुठल्यामागून कुठला यायचा, ते फक्त दोऱ्यांना ठाऊक. गोष्ट सुरू व्हायची ती बेकरीचं शटर कायमचं खाली येतं तिथून, आणि संपायची पहिल्यांदा भट्टी पेटते तिथे. मधला सगळा प्रवास उलटसुलट, मागेपुढे, आणि तो बसवता बसवता तिला तीन वर्षं लागली होती. चिठ्ठ्यांवर तिने क्रमांक घातले नव्हते. एकदा आकडा घातला की चिठ्ठी जागची हलत नाही, आणि चिठ्ठी हलली नाही की कादंबरी ताठून बसते, असं तिचं मत. फोनवर एक फोटो होता, पण तो चार महिन्यांपूर्वीचा. तेव्हापासून निम्म्या चिठ्ठ्यांनी घरं बदलली होती. येत्या रविवारी ती आकडे घालणार होती.

शुक्रवारी सकाळी नऊला, ती खुर्चीत बसते न बसते तोच, दादाच्या गवंड्याचा फोन. फरशा आल्यात पण रंग वेगळा वाटतोय, कुणीतरी येऊन बघून जा, नाहीतर काम थांबेल.

"माझे गुडघे बघ ना," दादा म्हणाला. "तू जाऊन येतेस का? तू काय, घरीच..."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही, चप्पल घालून निघाली. गवंड्याने तातडीने बोलावलं आणि स्वतः उगवला सव्वाअकराला. फरशा नेमक्या ठरवलेल्या रंगाच्याच होत्या, गवंडीच भलत्या खोक्यावरचं चित्र बघून बोलत होता. ती घरी परतली तेव्हा एक वाजून गेला होता. कामाचे चार तास दुसऱ्याच्या न्हाणीघरात गेले, या रागातच तिने दार लोटलं.

दादा मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा होता. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्याला परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"ये, बघ," तो म्हणाला. "वाऱ्याने चार-पाच चिठ्ठ्या पडल्या होत्या तुझ्या. उचलून लावायला गेलो तर काय, सगळाच आनंदीआनंद. ब्याण्णवच्या मागे एकोणसत्तर, एकोणसत्तरच्या मागे त्र्याऐंशी. तुला वेळ मिळत नाही हे मला दिसतंय ना. म्हटलं, आपण करून टाकू."

तिने बघितलं. चारही दोऱ्यांवर चिठ्ठ्या शिस्तीत टांगलेल्या, सगळे चिमटे एका उंचीवर. पहिल्या दोरीच्या टोकाला भट्टी पेटत होती आणि चौथ्या दोरीच्या टोकाला शटर खाली येत होतं. दोनशे चौदा चिठ्ठ्या, सालवार.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो आवाज फुटला तो शेजारच्यांनीही ऐकला असेल.

"दादा, हे तू काय केलंस?"

"सालवार लावलं. चार तास..."

"ते तसंच होतं. मुद्दाम होतं. तीन वर्षं खपून मी ते तसं लावलं होतं."

"मुद्दाम?" दादा खरोखरच चक्रावला. "अगं, पण माणूस आधी मरून मग जन्माला कसा येईल?"

"माझ्या पुस्तकात येईल. माझी मर्जी."

"बरं, पण ऐक, मी त्याची..."

"काही ऐकणार नाही मी. आयुष्यभर तुमचंच ऐकलं. तुझ्या कचेरीत येऊन कुणी तुझ्या फायली उपसल्या असत्या तर तू पोलीस बोलावले असतेस. माझ्या खोलीत कुणीही यावं आणि कशालाही हात लावावा, का तर मी घरी असते. सांगून ठेवते, दादा. नऊ ते एक मी घरी नसते. मी कामावर असते. माझं कामाचं ठिकाण या घरात आहे एवढाच माझा गुन्हा."

"छकुले, ऐक तर, यादी..."

"आणि छकुली म्हणू नकोस मला."

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली, आणि उंचीप्रमाणे लावलेले डबे एकेक करून पुन्हा वेडेवाकडे ठेवू लागली. कशाचा काही उपयोग नव्हता, पण हात थांबत नव्हते. तीन वर्षं गेली. महिनाअखेर गेली. प्रकाशकाला काय सांगणार, भावाने आवराआवर केली म्हणून? हसेल तो, आणि चार ठिकाणी जाऊन सांगेल. मग तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

बऱ्याच वेळाने दादा आत आला. त्याने ओट्यावर पाच-सहा कागद ठेवले. वहिनीच्या प्रवासाच्या तिकिटाच्या प्रतीची पाठ, औषधाच्या खोक्यातले घडीचे कागद, गवंड्याच्या पावत्या. सगळ्यांच्या कोऱ्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत ओळी. पहिली दोरी, चिठ्ठी एक, शटर खाली येतं. चिठ्ठी दोन, धाकटी पत्र फाडते. चिठ्ठी तीन. असं करत चौथ्या दोरीच्या शेवटच्या चिमट्यापर्यंत.

"मूळ क्रमाची यादी केल्याशिवाय कागदाला हात लावायचा नसतो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला. मघापासून तेच सांगत होतो."

तिने यादी दोनदा वाचली. एक चिठ्ठी चुकली नव्हती. खाली पडलेल्या पाचांच्या जागासुद्धा त्याने रिकाम्या चिमट्यांवरून हुडकल्या होत्या आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं. म्हणजे सगळं शाबूत होतं. एका दुपारीत पूर्ववत झालं असतं. आता माफी मागावी लागणार, या विचाराने ती आणखी चिडली.

"चहा घेणार का?" एवढंच तिला जमलं.

"घेईन. पण आधी एक सांगायचंय, रागावू नकोस. काही कागद गहाळ झालेत. वाऱ्याने गेले असतील. खिडकी मीच उघडली होती, तेव्हा चूक माझी. पलंगाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं, खाली जाऊन जिन्यातही बघून आलो."

त्या गुडघ्यांनी तो जिना उतरून चढून आला होता.

"किती गेलेत?"

"चल, दाखवतो."

त्याने तिला दुसऱ्या दोरीपाशी नेलं. "आमच्याकडे प्रत्येक खात्याचा दर वर्षी निदान एक कागद असायचाच. नसला तर गहाळ धरायचा. आता हे बघ. मोठा मुलगा, दर वर्षी आहे. मधला आहे. धाकटी एक-दोन वर्षं सोडली तर आहे. ही थोरली लेक. एकाहत्तरला आहे, आईच्या खाटेशी बसलीये. ती तिथून जी जाते ती एकदम ऐंशीला, केस पांढरे झालेत आणि गल्ल्यावर उभी आहे. मधल्या आठ वर्षांच्या हिच्या चिठ्ठ्याच नाहीत. हरवल्या गं माझ्याकडून."

ती दोरीकडे बघत राहिली. एकाहत्तर ते ऐंशी. भट्टीला आग लागली होती त्या वर्षांत, मोठ्याने परीक्षा दिली होती, मधला परदेशी गेला होता, धाकटीचं लग्न झालं होतं. पस्तीस-चाळीस चिठ्ठ्या होत्या. उलटसुलट लावल्या होत्या तेव्हा हे कधी दिसलं नव्हतं, दिसायची सोयच नव्हती.

"हरवल्या नाहीत," ती म्हणाली. "नव्हत्याच."

"नव्हत्या? मग आठ वर्षं ही बाई होती कुठे?"

"कुठे असणार?" ती सवयीने फणकारली. "घरीच होती."

बोलून गेली आणि जिभेला चटका बसावा तशी थांबली.

दादाला कळलं की नाही, कोण जाणे. तो चौतीस वर्षं कागद बघत आलेला माणूस, चेहरे नाही. तिला मात्र स्वतःचीच अशी चीड आली की मघाची दादावरची चीड त्यापुढे काहीच नाही. त्या पोरीच्या जिवावर बेकरी चालली होती. आजारी आई तिने बघितली, भावांची शिक्षणं तिच्या पहाटेच्या पिठावर झाली, आणि तिला निर्माण करणाऱ्या बाईने त्या आठ वर्षांत तिच्या नावावर एक चिठ्ठी लिहिली नाही. लोकांनी करावं ते समजू शकतं. पण हिने? आईला कुशीवर वळवताना पाठीत भरलेली उसण जिच्या अजून आठवणीत आहे, तिने?

तिने यादीच्या कागदांची नीट घडी घालून खणात ठेवली. मग प्रकाशकाला फोन लावला.

"महिनाअखेर जमणार नाही. एक बाई राहून गेलीय."

"ताई, एका बाईसाठी एवढं? तुम्हाला कुठे नोकरीला जायचंय, घरीच तर असता, बसलात की..."

"पुढच्या वर्षीच्या पुढे गेलं तरी चालेल," असं म्हणून तिने फोन ठेवला. चालणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नऊला ती मागच्या खोलीत बसली. कोरी चिठ्ठी घेतली, कोपऱ्यात बहात्तर लिहिलं, आणि खाली लिहिलं: थोरली पहाटे साडेतीनला उठते, आईची चादर बदलते, मग पीठ मळते. दोरीवर दोन चिमट्यांच्या मध्ये जागा करून तिने ती अडकवली. तेवढ्यात बाहेर फोन वाजला, आणि तिच्या कपाळावर आपोआप आठी चढली.

फोन दादाने उचलला. पलीकडे वहिनी असावी, कारण तो बराच वेळ नुसतं हं हं करत होता. कुरिअर यायचं होतं, कुणीतरी घ्यायला हवं होतं, असलं काहीतरी. मग त्याचा आवाज आला, रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून परक्या माणसाला सांगावं तसा.

"नाही, ती नाहीये घरी. कामावर गेलीये. एक वाजल्यानंतर कर."

तिने पुढची चिठ्ठी घेतली आणि कोपऱ्यात त्र्याहत्तर लिहिलं.