मोहाच्या सालीखाली
माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. दुधात बोट घालून पाहिल्याशिवाय मी भांडं घरात घेत नाही. याच गुणावर भैयाजींनी मला दिवाणजी नेमलं होतं.

त्यांची मालगुजारी कधीच गेली होती, कन्हानकडचं जंगल सरकारजमा झालं होतं. उरली होती त्यांच्या आजोबांच्या वेळची एकोणतीस मोहाची झाडं. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यातलं एक वाळलं. भैयाजी म्हणाले, "आणखी वाळायला लागली तर सगळीच ओमप्रकाशच्या आरागिरणीला देऊन टाकतो." वीस वर्षं मी त्या सावलीत डबा खाल्ला होता.

झाड काय आपोआप वाळतं? खोडाला भोक पाडून हिंग भरला की झाड मरतं, हे मी ऐकून होतो. आणि हे करणार कोण, तर राखणदार कवडू. ओमप्रकाश त्याच्या झोपडीपुढे चहा पीत बसलेला मी पाहिला होता.

"काहून आला होता गा तो?" मी विचारलं.

"झाडं मागून राहिला होता. मी म्हटलं, मालकाले विचार."

इतकं सरळ उत्तर मला पचत नाही. आठ दिवसांत मी त्याला झोपडी सोडायला लावली. पुरावा मागाहून शोधू म्हटलं.

मग दर रविवारी विळा घेऊन जायचो. भोक बुजवून वरून माती लिंपली असेल, म्हणून कमरेच्या उंचीवर वीतभर साल सोलत खोडाभोवती पूर्ण फेरी मारायचो. एका रविवारी एक झाड. नऊ झाडं तपासली, भोक काही सापडेना. कवडू मला वाटला त्याहून बेरकी निघाला.

पुढच्या वर्षी फाल्गुन सरला तरी त्या नऊ झाडांखाली एक फूल पडलं नाही. कवडूनं सूड उगवला, असं मी भैयाजींना सांगितलं. त्यांनी ओमप्रकाशला सोमवारी यायला सांगितलं.

शनिवारी मी झाडांपाशी होतो, तिथं कवडू आला. झाडं विकल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं उघड्या लाकडावर हात ठेवला.

"हे कोणं सोललं?"

"मी. हिंग शोधत होतो."

"चारी बाजूनं?"

"हो."

"झाडाचा जीव सालीत राह्यते, दिवाणजी. पहिलं झाड म्हातारं होतं, आपल्या मौतीनं गेलं. हे नऊ तुम्ही मारले." तो खाली बसला. मग म्हणाला, "एकोणीस अजून जित्ते आहेत. भैयाजीले खरं सांगाल ना?"

सांगतो म्हणालो. त्यानं लगेच विश्वास ठेवला. मी त्याच्या जागी असतो तर ठेवला नसता.

संध्याकाळी भैयाजींच्या दारापर्यंत गेलो. आत दिवा होता, त्यांचा आवाजही ऐकू येत होता. मी पायरीवर उभा राहून माझ्या नोकरीचा विचार केला आणि मागे फिरलो.

सोमवारी एकोणतीसही झाडं पडली. जिवंत लाकूड कापताना ओलसर वास येतो. तो मला अजून येतो.