गाऱ्हाण्यातली अडलेली ओळ

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काळाचौकीतल्या चाळीसमोर जुनी मारुती टेम्पोची वाट बघत उभी. मागची सीट काढून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेला. चाकाखाली लिंबू. आज कर्जतच्या पलीकडे मातीच्या ट्रॅकवर मुलांची शर्यत.

गाऱ्हाणं घालणाऱ्या राजारामचे हात जोडलेले होते. खिशात इंजिनातून काढलेला रोटर. एवढासा तुकडा, पण तो नसला तर गाडी चालू होणार नाही. पूजा झाली की नूपुर चावी फिरवेल, इंजिन नुसतं खोकेल, टेम्पो रिकामा परत जाईल. लेकीला 'नको' म्हणावं लागणार नाही.

"ह्या लेकराक सुखरूप ने, सुखरूप हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज ॲलॉयशियसचा. घोडपदेवच्या गॅरेजातला भागीदार. चर्चमधली रविवारची मिस्सा बुडवून आला होता.

गेल्या रविवारी सरावात गाडी उलटली. नूपुर पट्ट्यात उलटी लोंबकळत होती आणि हसत होती. "पप्पा, परत!" पट्टा सोडवताना राजारामची बोटं चालेनात. जन्मभर गाड्या खोलणारी बोटं.

आणि हे खूळ कुणाचं? त्याचंच. सुट्टीच्या दिवशी गोदीकडच्या मोकळ्या रस्त्यावर तिला मांडीवर घेऊन स्टिअरिंग कुणी हातात दिलं? "मुलीची जात, हातपाय मोडले तर?" असं अनुजा म्हणाली, तेव्हा बायकोवर कोण डाफरलं? आता तोच कुठल्या तोंडाने सांगणार, की मी घाबरलो?

"वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुढची ओळ. बापाकडून आलेली, झोपेतही म्हणता येईल अशी.

"हिच्या वाटेत जो कोण…"

राजाराम थांबला.

"काय राजा, गाडी बंद पडली?" ॲलॉयशियस म्हणाला. "गिअर टाक ना!"

सगळे हसले. नूपुर हसली नाही. हेल्मेट काखेत धरून ती बापाकडे बघत होती. गाडीत बसण्याआधी बॉनेट उघडून बघायचं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तिने सकाळीच ती रिकामी जागा बघितली असणार.

"हिच्या वाटेत…" त्याचा हात खिशाकडे गेला.

मग तीच बोलली, हळू, नजर न हलवता. "माझ्या वाटेत जो कोण आडवो येता, तेका बाजूक कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" चाळ ओरडली.

राजारामचे ओठ हलले. मग तो वाकला आणि खिशातला तुकडा नारळाशेजारी ताटात ठेवला.

"हे काय?" अनुजाने विचारलं.

नूपुरने तो उचलला, बॉनेट उघडलं, आपल्या हाताने बसवला. पहिल्याच चावीला इंजिन धडधडलं. चाकाखाली लिंबू फुटलं. पोरं ओरडली, ॲलॉयशियसने शिट्टी मारली, टेम्पो गल्लीत आला. गाडी त्यावर चढली आणि सगळी चाळ टेम्पोमागे धावली.

मागे राहिलेल्या राजारामने पुन्हा हात जोडले.

"माघारी हाड रे म्हाराजा."

व्हय म्हणायला कुणी नव्हतं.