कात्रीदादांची कंबर आणि मी

मी गरम पाण्याची पिशवी. लाल रबराची, गळ्याला बूच. शाळा मी दारातूनसुद्धा पाहिलेली नाही, पण माणसांच्या कमरा मला वाचता येतात. माझ्यावर बसायचं तर बेतानं बसा. आत हवा राहिली की आवाज होतो, आणि नाव बसणाऱ्याचं खराब होतं.

मला आणलं सलूनवाल्या कात्रीदादांसाठी. तीस वर्षं उभं राहून त्यांच्या कमरेनं संप पुकारला होता. तोंड मात्र कात्रीपेक्षा जोरात चालायचं. टकलू गिऱ्हाइकालाही विचारायचे, "भांग मधे पाडू की बाजूला?"

दुखणं हटेना. मग त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मायेपोटी घोळ घातला. सलूनला कुलूप, आणि भेटायला येईल त्याची दारातूनच बोळवण. "त्यांना आराम हवाय." दादांनी आठ महिने भिंतीकडे तोंड करून आराम केला. जेवण नको, बोलणं नको. मी कढत पाण्यानं पोट भरून राबायचे. कंबर तापायची, माणूस गारच.

शेवटी वहिनींनी डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. कंबर तपासून त्यांनी विचारलं, "शेवटचं हसलात कधी?"

"कंबर दुखते बाई, तोंड नाही."

"दुखणं आणि उदासी मेंदूत शेजारणी आहेत, दादा. मधली भिंत पातळ. एकीनं भांडी आपटली की दुसरी जागी होते, मग तीही आपटते. एकीलाच गप्प करून भागत नाही."

"म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ?" दादा तडकून उठून बसले.

"दुखणं खरं आहे. उदासीही खरी. औषध दोघींना देऊ. आणि रोज अर्धा तास दुकान."

"उभं कोण राहणार?"

"स्टूल घ्या."

दादा मान हलवत मागे टेकायला गेले आणि बसले थेट माझ्यावर. वहिनींनी घाईत हवा काढलीच नव्हती. अशी संधी मी सोडते होय? चांगला लांबलचक सूर लावला.

डॉक्टरीणबाई छताकडे बघू लागल्या. "अहो," वहिनी म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर तरी."

दादांच्या पोटातून काहीतरी खुदखुदत वर आलं. आठ महिन्यांनी.

त्यानं दुखणं पळालं नाही. मी पिशवी आहे, जादूगार नाही. गोळ्या, बोलणं, स्टूल, सगळं हळूहळू लागू पडलं. वाईट दिवस अजून येतात. तेव्हा वहिनी दार लावत नाहीत, उलट गिऱ्हाइकालाच घरात धाडतात.

आता मी सलूनातल्या खिळ्यावर असते, सुरकुतलेली, जराशी गळकी. गळून संपायच्या आधी एकच मागणं आहे: मला कमरेवर ठेवा, पण त्या माणसाला एकटं ठेवू नका. दादांना हे कळलंय. कुणी कंबर धरून आलं की ते आधी विचारतात, "झोप लागते का रे? हसतोस का?"

उत्तर आलं नाही, तर मला भरतात. थोडी हवा मुद्दाम आत ठेवून.