उताराचं माप

शिंपीणबाईंचं अख्खं आयुष्य माप घेण्यात गेलं, आणि घर घ्यायच्या वेळी नेमकं मापच चुकावं! आता बोला!

घर जुनं, कौलारू, चार खोल्यांचं. छपराला हात लावावा लागणार हे उघड होतं. म्हणून बाईंनी टेप काढून खोल्यांची जमीन मोजली, कौलांचा नि वाशांचा भाव विचारला आणि खर्च काढला. घराची किंमत धरून साठवलेल्या पैशांत सगळं जेमतेम बसत होतं. भाड्याची खोली दोन महिन्यांत सोडायची होती आणि एवढ्या पैशांत दुसरं घर कुठलं मिळायला!

छप्पर बघायला घरी आणलेल्या सुतारकाकांनी हिशेबाचा कागद पाहिला आणि ते हसायलाच लागले.

"ताई, घेरदार झग्याचं कापड तुम्ही कमरेच्या मापावरून आणता का? छप्पर उतरतं असतं, शिवाय भिंतीबाहेर हातभर येतं. दीडपट धरा."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. दीडपट म्हणजे घर हातचं गेलंच.

"जाऊ दे," नवरा म्हणाला. "आपल्या नशिबात नाही म्हणायचं."

नशीब म्हटलं की बाईंचं डोकं फिरायचं.

"नशिबाला कशाला मध्ये ओढता? काका, माळ्याला शिडी लावा. जुना कोट आला तर मी आधी उसवून बघते, उचलून फेकून देत नाही!"

आणि बाह्या सरसावून बाई चढल्यासुद्धा. काका टोच्या घेऊन मागोमाग. एकेका वाशात टोच्या खुपसायचा; कुजक्या लाकडात रुतला की खडूने फुली. खालून घरमालकीण आजी ओरडल्या, "न्हाणीच्या वर बघ गं! मेलं तिथेच गळतं!"

नवरा चकित झाला. "आजी, घर विकायचंय ना तुम्हाला?"

"मग? तुम्हाला गळक्याखाली झोपवून मला झोप लागेल होय?"

बत्तीस वासे. फुल्या नऊ, आणि सगळ्या न्हाणीच्या बाजूला. उरलेलं लाकूड असं टणक की टोच्याचं टोक वाकलं. कौलंही निम्मी धुऊन परत चढवण्यासारखी. काकांनी तिथेच बसून मोठ्याने आकडे म्हणत नवा हिशेब केला. खर्च खूप खाली आला, तरी मजुरीपुरते पैसे कमी पडत होते. बाई माळ्यावरच मटकन बसल्या. एवढ्याशासाठी अडावं?

तेवढ्यात शिडी करकरली. स्टुलावर चढायलाही घाबरणारा नवरा दोन्ही हातांनी शिडी कवटाळून वर येत होता, घामाघूम.

"काका," तो धापा टाकत म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या हाताखाली राबलो तर मजुरी वाचेल ना? कौलं धुईन, वर देईन, सांगाल ते करीन."

"वाचेल की!" काका म्हणाले.

बाईंना रडूच फुटलं. "अहो, पण तुम्हाला उंचीची भीती वाटते ना?"

"वाटते ना. म्हणून तर म्हणतोय, चल लवकर खाली. आजींना विसाराचे पैसे तुझ्याच हाताने द्यायचेत."